पुढच्या आठवड्यात

लहानपणी मला वसुलीला पाठवत. वडिलांचा तालुक्याच्या गावी छापखाना होता. छापखाना म्हणजे एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस, एक कंपोझिटर आणि भिंतीत मुरलेला शाईचा वास. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थेचे अहवाल, निवडणुकीची हँडबिले, एवढ्यावर आमचे घर चाले. छापलेला माल न्यायला लोक धावत येत. पैसे द्यायला मात्र कोणाचे पाऊल उचलत नसे. मग रविवारी सकाळी वडील मला सायकलवर पिटाळायचे. मोठ्या माणसाला वाटेला लावताना लोकांना काही वाटत नाही, पोराला बघून थोडी तरी लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकीचा होता. गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या मुलीच्या लग्नाच्या पाचशे पत्रिका आम्ही छापल्या होत्या. लग्न वैशाखात झाले, मी गेलो तेव्हा गणपती आले होते. गृहस्थ झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मला प्रेमाने आत बोलावले, रव्याचा लाडू हातावर ठेवला आणि म्हणाले, "बाबांना सांग, पुढच्या आठवड्यात देतो. पळून नाही जात म्हणावं मी." त्या घराच्या पुढच्या अंगणात तेव्हा नवी फरशी बसवणे चालले होते.

मी निरोप सांगितला. वडील रागावले असते तर मी ते विसरूनही गेलो असतो. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांनी मलाच विचारले, "पत्रिकेत काही चुकलं होतं का रे आपल्याकडून? नाव-बिव?" रात्री त्यांनी फायलीतून नमुन्याची पत्रिका काढली आणि बल्बखाली धरून ती ओळ न् ओळ वाचली. कुलदेवतेपासून लग्नस्थळापर्यंत. कुठेही चूक नव्हती.

छोट्या व्यावसायिकाचा आत्मविश्वास कसा जातो, यावर हल्ली बरेच बोलले जाते. मला त्याचे उत्तर त्या रात्री मिळाले होते. माणसाने काम नीट केलेले असते, माल वेळेवर दिलेला असतो आणि तरी पैसा येत नाही. का येत नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. मग तो खोट स्वतःत शोधू लागतो. आपल्याला बोलता येत नाही, आपल्याला धंदा कळत नाही, आपण या लायकीचेच नाही. ही शंका त्याच्या डोक्यात आपोआप उगवलेली नसते. ती आपण पेरलेली असते, तुम्ही आणि मी.

आणि पेरून आपण थांबत नाही. तिच्यावरचे औषधही आपणच विकतो. कोणत्याही जिल्ह्याच्या गावी जा, मंगल कार्यालयात नाहीतर हॉटेलच्या हॉलमध्ये 'उद्योजकता कार्यशाळा' लागलेली असते. कोट घातलेला एक माणूस कानाला माइक लावून सांगत असतो की अपयश ही मनाची अवस्था आहे, माइंडसेट बदला, सकाळी पाचला उठा. समोर फॅब्रिकेशनवाला, बेकरीवाला, ब्लाउज शिवणारी बाई बसलेली असते. ही सगळी माणसे गेली वीस वर्षे पाचलाच उठतात. पैसे भरून आत आलेल्या या माणसांना तिथे कोणी हे विचारत नाही की तुमचे किती येणे बाकी आहे आणि ते कोणाकडे आहे. तो प्रश्न विचारला तर सभागृहातल्या पहिल्या रांगेची पंचाईत होईल. तिथे पाहुणे म्हणून बोलावलेली बडी मंडळी बसलेली असतात.

हा विषय निघाला की मला कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आठवतात. शाहू महाराजांच्या पागेत ते नोकर होते. अस्पृश्य ठरवलेल्या जातीत जन्मलेल्या या माणसाने सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला हात लावला, म्हणून इतरांनी त्यांना मारहाण केली. महाराज परगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितले की नोकरी सोडून स्वतंत्र धंदा कर. गंगारामांनी भर रस्त्यात चहाचे हॉटेल काढले, नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता आणि गिऱ्हाईक नव्हते. येणार कसे? त्या कपाला कोण हात लावणार?

आता त्या गंगारामांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सकाळी चूल पेटवायची, दूध तापवायचे आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक नजर दुसरीकडे वळताना पाहायची. आजच्या कार्यशाळेत हे गंगाराम गेले असते तर त्यांना ब्रँडिंग कमी पडते आहे असे सांगितले गेले असते. शाहू महाराजांनी काय केले? त्यांनी गंगारामांना धीराचे चार शब्द ऐकवल्याचे कोणी सांगत नाही. ते आपली गाडी घेऊन त्या हॉटेलसमोर जात, चारचौघांत चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या प्रतिष्ठितांनाही प्यायला लावत. छत्रपतींनी घेतलेला कप मानकऱ्याला नाकारता येईना. पुढे सोडा तयार करण्याचे यंत्रही त्यांनी घेऊन दिले. गंगारामांच्या मनातली शंका महाराज काढत बसले नाहीत. ती शंका ज्या रस्त्याने येत होती, तो रस्ता त्यांनी मोकळा केला. १९२२ मध्ये महाराज गेले, त्यानंतर कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच चहावाल्याने.

ज्यांच्या दारी अशी गाडी थांबली नाही, त्यांचे काय झाले? कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत समभागांच्या व्यवहारात सल्ला देण्याची पेढी काढली होती. सुरुवात बरी झाली. सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. सल्ला चुकला म्हणून ती पेढी बसली नाही. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, हे आपल्याला पाठ असते. त्याआधीचा हा धंदा आपण आठवत नाही, कारण तो बुडाला नव्हता, आपण बुडवला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव या कार्यशाळांमध्ये हमखास घेतले जाते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, या समजुतीपायी त्यांचा पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, हा किस्सा चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. तो आहेच. पण पुढचे अर्धे सांगत नाहीत. बेळगावातली जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनाजवळचे माळरान त्यांना दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नुसत्या चिकाटीवर वाडी उभी राहत नाही, कोणीतरी जमीन द्यावी लागते. आपल्याला मात्र शून्यातून विश्व उभे करणारी माणसे फार आवडतात. शून्य आपण पुरवतो ना, म्हणून असेल.

ही झाली जुनी माणसे. आज छत्रपती नाहीत, कायदा आहे, आणि तो चांगला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ मध्ये झालेल्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते केले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' नावाचे पोर्टल सुरू झाले. आयकर कायद्यातही दुरुस्ती झाली: १ एप्रिल २०२४ पासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला ते खर्चात धरता येत नाहीत. कागदावर याहून जास्त काय हवे?

आता औद्योगिक वसाहतीत जा आणि एखाद्या शेडमध्ये वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून उभ्या असलेल्या मालकाला विचारा की तू तक्रार का करत नाहीस. तो हसेल. त्याचे निम्मे काम एका मोठ्या कारखान्याकडून येते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? तक्रार केली तर थकलेले पैसे कदाचित मिळतील, पुढची ऑर्डर मात्र नक्की जाईल. आयकराची नवी तरतूद आली तेव्हा काही खरेदीदारांनी छोट्यांकडून माल घेणेच कमी केल्याच्या, कोणाला छोटा उद्योग म्हणून केलेली 'उद्यम' नोंदणी रद्द करायला सांगितल्याच्या तक्रारी व्यापारी संघटनांनी केल्या होत्या. पंधरा दिवसांत पैसे देण्यापेक्षा माणूसच बदलणे ज्यांना सोपे वाटते, त्यांना काय म्हणावे? शिवाय हा कायदा माल बनवणाऱ्याचा आणि सेवा देणाऱ्याचा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला थकबाकीसाठी त्याचा आधारही नाही.

सरकार तरी वेगळे असते तर बोलायला तोंड होते. २०२५ मध्ये राज्यातले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी कामे बंद करून आंदोलनाला बसले. कायदा राबवणाऱ्याच्याच दारात त्याच्या उधारीसाठी माणसे बसली.

त्यात कराचा हिशेब बघा. समजा, या शेडवाल्याने जूनमध्ये १ लाखाचे काम करून बिल दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १ लाख १८ हजारांचे. कच्च्या मालावर आधी भरलेला कर त्यातून वजा होतो, पण उरलेला कर साधारण २० जुलैपर्यंत सरकारात भरायचा. कारखान्याने पैसे दिले आहेत की नाहीत, हे कोणी विचारत नाही. जे पैसे हातात पडलेच नाहीत, त्यावरचा कर तो खिशातून भरतो. खिशात नसेल तर सोने ठेवून भरतो. मग कामगारांचा पगार, लाइटबिल, जागेचे भाडे. मालक, कारकून, हमाल, वसुलीवाला आणि रात्री झाडू मारणारा, सगळे तो एकटाच. त्याला सगळे अंगावर आल्यासारखे होते, छातीत धडधडते, झोप उडते. आपण म्हणतो, याला ताण हाताळता येत नाही, वेळेचे नियोजन शीक म्हणावे. अहो, त्याला वेळेचे नियोजन येते. नियोजन तुमचे चुकले आहे, पंचेचाळीस दिवसांचे तुम्ही दीडशे केले आहेत.

उधारी सगळी सारखी नसते, हे इथे सांगितले पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात घरोघरी खानावळी चालवणाऱ्या बाया होत्या. १९७० च्या दशकात गिरण्यांमध्ये संप झाला, कामगारांचा पगार थांबला, तरी या बायांनी त्यांना जेवू घालणे थांबवले नाही. धान्य उधारीवर आणायचे, सावकाराचे व्याज डोक्यावर घ्यायचे आणि ताट वाढायचे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायांना बँकेच्या दारापर्यंत नेले, ते हे बघून. त्या कामगाराकडे पैसे नव्हते आणि ते त्या बाईला माहीत होते. तिने दिलेल्या उधारीत माणुसकी होती. ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि जो देत नाही, त्याने घेतलेल्या उधारीला दुसरा शब्द आहे. तो शब्द आपण भुरट्या चोरासाठी राखून ठेवला आहे. हातावर पोट असलेला मजूर किराणावाल्याचे खाते पगाराच्या दिवशी चुकते करतो. ते खाते सहा महिने कोण लोंबकळत ठेवतो, हे कोणत्याही किराणावाल्याला विचारा. बंगल्याचा पत्ता सांगेल.

दिवाळीत फराळ करून विकणाऱ्या बाईची तर आणखीच कथा. ती धंदा करते असे आपण म्हणतच नाही; "घरबसल्या काहीतरी करते" म्हणतो. भाजणी भाजून तिच्या हाताला चटके बसलेले असतात. मॉलमध्ये छापील किमतीला चकलीचे पाकीट मुकाट्याने ट्रॉलीत टाकणारे आपण तिच्याकडे मात्र घरचा भाव मागतो. "आपलीच आहेस ना!" हे वाक्य पैसे कमी करतानाच का आठवते? आणि तिने धीर करून भाव वाढवला तर नणंद म्हणते, "हल्ली फार हिशेबी झाली आहे." हिशेबी हे पुरुषाचे कौतुक आणि बाईचा दोष. ती मग पुढल्या वर्षी भाव वाढवत नाही, तेलाचा डबा महाग झाला तरी. रात्री कोपऱ्यात बसून वहीत आकडे मांडते आणि स्वतःलाच विचारते, मला जमत नाही का?

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' म्हणणारा हा समाज मुलगी देताना काय विचारतो? पगार. मुलाचे स्वतःचे दुकान आहे म्हटले की बोलणे हवापाण्यावर येते. हाच समाज दसऱ्याला तराजू-हत्यारांना झेंडूचे हार घालतो, लक्ष्मीपूजनाला चोपडीवर 'शुभ लाभ' लिहितो आणि वर्गणीची पावती फाडायला सगळ्यात आधी दुकानाची पायरी चढतो. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हा विनोद चहाच्या टपरीवर उभे राहून सांगणारे मी पाहिले आहेत. त्या चहाचे पैसे त्यांनी "लिहून ठेव" म्हणून सांगितले होते.

महात्मा फुल्यांची तसबीर आपण लावतो. ते ठेकेदार होते, पुण्याच्या परिसरातल्या बांधकामांना माल पुरवत, हे किती जणांना ठाऊक असते? धंद्यात चाललेली लूट ते पुस्तकातून शिकले नव्हते. ती आतून पाहिल्यावर ते गप्प बसले नाहीत, एवढेच.

धंदा करणाऱ्या माझ्या भावाबहिणींनाही दोन शब्द सांगायचे आहेत, आणि ते गोड नाहीत. तुमचे पैसे थकले म्हणून तुम्ही तुमच्या वेल्डरचा, शिलाई कारागिराचा, डिलिव्हरीच्या पोराचा पगार थांबवता. "मलाच आले नाहीत, तुला कुठून देऊ?" झोपाळ्यावरच्या गृहस्थांनी तुम्हाला दिलेला लाडू तुम्ही खाली पोचवता. ही साखळी जिथे तोडता येईल तिथे तोडा. आणि आगाऊ रक्कम मागायला लाजू नका. मागताना आवाज खाली जातो ना, तो जाऊ देऊ नका. बिलावर मुदत लिहा. 'उद्यम' नोंदणीला एक रुपयाही लागत नाही, ती करून तो क्रमांक बिलावर छापा. घरात सांगा की येणे किती आहे आणि देणे किती. माझ्या वडिलांनी आईला कधी सांगितले नाही. ते गेल्यावर आम्ही वही उघडली तेव्हा आईला कळले की निम्म्या गावाचे लग्न आमच्या उधारीवर लागले होते. नफा-तोट्याचा हिशेब खरोखरच चुकत असेल तर जाणत्याकडे बसून तो तपासा. ती शंका उपयोगी असते. पण देणेकऱ्याने न दिलेले पैसे ही तुमची लायकी नाही. दुसऱ्याच्या चुकीसाठी स्वतःची पत्रिका बल्बखाली धरून वाचू नका.

आणि बाकीच्या आपण सगळ्यांनी? कोणाला धीर देण्याआधी आपण कोणाचे किती देणे लागतो ते आठवायचे. दूधवाला, प्लंबर, शिकवणीच्या बाई, सोसायटीचे रंगकाम केलेला, मंडळाचा मंडपवाला, संस्थेच्या स्मरणिकेचा छापखानेवाला. तुम्ही एखाद्या कचेरीत बिलांवर सही करणारे असाल तर टेबलावरचा गठ्ठा आज उपसा. तो गठ्ठा म्हणजे कोणाची तरी झोप आहे.

हे लिहिताना माझीच मान खाली गेली. माझ्या गल्लीतल्या शिंप्याकडे मी दोन सदरे आणि एक विजार शिवायला टाकली होती. कपडे आणले, घातले, धुतले, पुन्हा घातले. आठशे रुपये द्यायचे राहिले. सुटे नव्हते, मग दुकान बंद होते, मग मी विसरलो. काल संध्याकाळी जाऊन दिले. त्याने वही काढली. माझे पान शोधायला त्याला वेळ लागला नाही, कोपरा दुमडून ठेवला होता. पैसे न मोजता गल्ल्यात टाकत तो ओशाळून दोनदा म्हणाला, "एवढी घाई नव्हती, साहेब."

सात महिने झाले होते.